रस्ता इथला, रस्ता तिथला: पायी चालणाऱ्यांचे आणि गाडीवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलांकडे परदेशी निघालेल्या आई-बाबांचे फोन मला दर उन्हाळ्यात येतात. व्हिसा, औषधं, मेतकुटाच्या पिशव्या, सगळं बोलून झालेलं असतं. मग फोन ठेवता ठेवता, जरा संकोचून, विषय निघतो: "आणि तिकडे रस्ता कसा ओलांडायचा ग?" मी नऊ वर्षं जर्मनीत कार्ल्सरुहला राहिले, तिथे गाडी चालवली आणि पुण्याला परत आले. त्यामुळे हल्ली डिसेंबरात उलट्या दिशेचेही प्रश्न येतात. नातवंडं सुट्टीला येणार असतात आणि आजी-आजोबांच्या पोटात गोळा आलेला असतो. तेच ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

१. तिकडे झेब्रा क्रॉसिंगवर गाड्या खरंच थांबतात का?

सिग्नल नसलेल्या झेब्राबद्दल विचारत असाल तर हो. जर्मनीत पायी माणूस ओलांडायच्या बेतात दिसला की गाडीने थांबायलाच हवं. न थांबणाऱ्याला ८० युरो दंड होतो आणि लायसन्सच्या खात्यावर एक पॉइंट लागतो. ब्रिटनमध्ये झेब्राच्या दोन्ही टोकांना काळ्या-पांढऱ्या खांबांवर लुकलुकणारे पिवळे गोळे दिसतील. ते गोळे १९३४ पासूनचे, जमिनीवरचे पट्टे १९५१ पासूनचे. तिथे पट्ट्यावर पाऊल पडलं की गाडीला थांबणं भागच असतं, आणि २०२२ पासून काठावर वाट पाहणाऱ्यासाठीही थांबावं असं त्यांच्या हायवे कोडमध्ये लिहिलं आहे.

मात्र ड्रायव्हरला तुमच्या मनातलं कळत नाही, तो तुमच्या उभं राहण्यावरून अंदाज बांधतो. काठाशी, रस्त्याकडे तोंड करून उभे राहा आणि येणाऱ्या गाडीकडे बघा. पाठमोरे होऊन गप्पा मारत राहिलात तर तो पुढे निघून जाईल. याच्या उलटही होतं. मुलगा गाडी घेऊन येईपर्यंत आई-बाबा सावलीला म्हणून नेमके झेब्राच्या तोंडाशी उभे राहतात, आणि एकामागून एक गाड्या त्यांच्यासाठी थांबत राहतात. ओलांडायचं नसेल तर चार पावलं बाजूला सरका.

२. गाडी थांबली, पण आम्ही त्याला "तुम्ही जा" म्हणून हात केला. चुकलं का?

गुन्हा काही नाही, पण घोटाळा होतो. आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीसमोर झेब्रा होता. आई आली त्याच्या दुसऱ्या सकाळी आम्ही ब्रेड आणायला निघालो. एक पिकल्या केसांचे गृहस्थ थांबले. आईने त्यांना हाताने "जा, जा" केलं. त्यांनी तळहात उघडून "तुम्ही या" केलं. आई एक पाऊल मागे सरली. त्यांना वाटलं, हिला ओलांडायचं नाही, म्हणून गाडी हलली, आणि त्याच क्षणी आईने पाऊल पुढे टाकलं. गाडी करकचून थांबली. मी आईचं कोपर धरलं तेव्हा ती थरथरत होती.

घरी आल्यावर म्हणाली, "अगं, एवढी गाडी माझ्या एकटीसाठी थांबवायची? त्यांना कामाला उशीर होत असेल." साठ वर्षं आपल्या रस्त्यांवर वावरलेल्या माणसाला गाडी आपल्यासाठी थांबणं हे उपकारासारखं वाटतं. तिथे ती रोजची रीत आहे. गाडी थांबली की नजर मिळवा, मान हलवा आणि आपल्या चालीने जा. धावू नका. धावताना माणूस पडतो, आणि थांबलेला ड्रायव्हर त्याने आणखी गोंधळतो.

३. समोरच्याने डिपर मारला. म्हणजे थांबायचं की जायचं?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न मी हाच समजते, कारण एकाच खुणेचे इथे आणि तिथे उलटे अर्थ आहेत. आपल्याकडे डिपर म्हणजे "मी येतोय, मी थांबणार नाही, तू थांब." ब्रिटनमध्ये आणि जर्मनीत शहरातल्या संथ रस्त्यावर थांबलेल्या किंवा हळू झालेल्या गाडीने दिवे लुकलुकवले तर बहुतेक वेळा त्याचा अर्थ असतो "तुम्ही जा." म्हणून आपली माणसं तिथे बिचकून मागे सरतात, आणि तिकडून आलेला तरुण इथे डिपर बघून निश्चिंतपणे पाऊल टाकतो. दुसरी चूक जिवावर बेतू शकते.

ब्रिटिश हायवे कोड स्वतः सांगतो की दिवे लुकलुकवणं म्हणजे फक्त "मी इथे आहे" एवढंच, आणि त्याला कुणी आमंत्रण समजू नये. लोक वागतात वेगळं. तेव्हा दिव्यांवर विसंबू नका, चाकांकडे बघा. चाकं पूर्ण थांबली की मगच पाऊल टाका. ही सवय कुठल्याही देशात चालते.

४. तिथे कुणी हॉर्न वाजवला तर काय समजायचं?

की तुमचं किंवा शेजारच्याचं काहीतरी मोठं चुकलंय. जर्मनीत वस्तीच्या भागात हॉर्न फक्त धोक्याच्या सूचनेसाठी आहे. जपानमध्ये दिवसभर फिरून एकही हॉर्न ऐकू न येणं सहज शक्य आहे. आपल्याकडे हॉर्न म्हणजे "मी मागे आहे, अंगावर घेऊ नका" इतकी साधी वर्दी असते, रागाची नसते. ट्रकच्या पाठीवरच्या "हॉर्न ओके प्लीज" या ओळीवर महाराष्ट्राने २०१५ मध्ये बंदी आणली, पण सवय पाटीवर नव्हतीच, हातात होती. तिथे हॉर्न ऐकलात तर पळू नका. जागेवर थांबा, आजूबाजूला बघा.

५. आधी कुठे बघायचं, उजवीकडे की डावीकडे?

ब्रिटन, आयर्लंड, जपान, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, सिंगापूर इथे आपल्यासारखीच डाव्या बाजूने वाहतूक चालते. उरलेला बहुतेक युरोप, अमेरिका, कॅनडा, दुबई इथे उजव्या बाजूने. तिथे काठावर उभं राहिल्यावर जवळची गाडी डावीकडून येते आणि आपली मान मात्र सवयीने उजवीकडे वळते. लंडनमध्ये परक्यांसाठी रस्त्यावरच "उजवीकडे बघा" असं इंग्रजीत रंगवलेलं असतं, कारण युरोप-अमेरिकेतून येणाऱ्यांची गडबड आपल्या उलट होते. पहिला आठवडा दोन्हीकडे दोन-दोनदा बघा. बसमधून उतरल्यावर तर नक्कीच. दार ज्या बाजूला उघडतं तीच बाजू बदललेली असते.

६. लाल माणूस लागलाय, पण रस्त्यावर चिटपाखरू नाही. तरी थांबायचं?

देश बघून. जर्मनीत थांबा. दंड फक्त ५ युरो आहे, अपघात घडला तर १०. लोक मात्र दंडाच्या भीतीने थांबत नाहीत. समोरच्या फूटपाथवर दप्तर पाठीला लावलेलं पोर उभं असेल आणि तुम्ही लाल दिव्यात गेलात, तर शेजारची आजी मोठ्याने टोकेल. मोठ्यांना पाहूनच मुलं शिकतात हे तिथे सगळ्यांनी मनावर घेतलेलं आहे, आणि त्या एका गोष्टीसाठी मला तो देश फार आवडतो. बर्लिनमधला टोपीवाला सिग्नलमाणूस १९६१ मध्ये पूर्व जर्मनीत कार्ल पेग्लाउ यांनी रेखाटला. देशाचं एकीकरण झाल्यावर तो जाणार होता, लोकांनी तो राखला.

ब्रिटनमध्ये लाल माणसात ओलांडणं हा गुन्हा नाही. तुम्ही बघून जायचं, जबाबदारी तुमची. सिंगापूरमध्ये जवळ क्रॉसिंग असेल तर त्याच्या ५० मीटरच्या आत दुसरीकडून ओलांडता येत नाही. दुबईत भलतीकडून रस्ता ओलांडल्यास ४०० दिरहॅम दंड आहे, आणि रुंद, वेगवान रस्त्यांसाठी कायदा २०२५ पासून आणखी कडक झाला आहे. तिथे समोरचं दुकान दिसत असलं तरी पादचारी पुलापर्यंत चालत जा.

७. अमेरिकेत मधूनच रस्ता ओलांडला तर पोलिस पकडतात म्हणे?

त्याला तिकडे जेवॉकिंग म्हणतात. 'जे' म्हणजे शहराच्या रीती न कळणारा गावंढळ माणूस, असा तो टोमणा होता. शंभरएक वर्षांपूर्वी मोटारी वाढल्या, चालणारे त्यांच्याखाली येऊ लागले आणि हा शब्द रूढ झाला. त्याआधी रस्ता सगळ्यांचा होता. लॉस एंजेलिसने १९२५ मध्ये कडक नियम केला आणि तशीच रीत देशभर पसरली. आता चाक उलटं फिरतंय. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२३ पासून लगेचचा धोका नसेल तर पोलिस त्यासाठी अडवत नाहीत. न्यूयॉर्क शहराने २०२४ मध्ये तो गुन्हा यादीतूनच काढला.

म्हणून मोकळं झालं असं मात्र समजू नका. आपला डोळा आपल्या गर्दीवर तयार झालाय. लक्ष्मी रस्त्यावर ताशी वीसने येणारी स्कूटर सेकंदाला साडेपाच मीटर येते. अमेरिकेतल्या उपनगरी रस्त्यावर ताशी ७० ने येणारी गाडी सेकंदाला एकोणीस मीटरहून जास्त येते, आणि रस्ता सहा लेनचा असतो. "लांब आहे अजून, जाऊ" हा आपला अंदाज तिथे साफ चुकतो. चौकापर्यंत जा, खांबावरचं बटण दाबा, वाट बघा.

८. हिरवा माणूस लागला तरी गाडी वळून थेट आमच्याकडे आली! असं कसं?

अमेरिकेत आणि युरोपात बऱ्याच चौकांत तुमचा हिरवा आणि वळणाऱ्या गाडीचा हिरवा एकाच वेळी लागतो. वळणाऱ्याने तुम्हाला आधी जाऊ द्यायचं असतं, आणि बहुतेकजण देतात. शिवाय अमेरिकेत पाटीने मनाई नसेल तर लाल दिव्यातही थांबून उजवीकडे वळता येतं (न्यूयॉर्क शहरात सहसा नाही). आपल्या फ्री लेफ्टची ती उजवी बहीण समजा. असा ड्रायव्हर डावीकडच्या गाड्यांवर डोळा ठेवून असतो आणि तुम्ही त्याच्या उजवीकडून येत असता. त्याची नजर तुमच्यावर पडल्याशिवाय त्याच्यासमोर जाऊ नका.

लुकलुकणारा हात आणि उलटे आकडे दिसू लागले की निघालेल्यांनी पोहोचायचं, नव्याने कुणी निघायचं नाही. सात आकडा दिसला म्हणून आपण पळत सुटतो, ते तिथे करू नका.

९. गुळगुळीत, लाल रंगाच्या फूटपाथवरून चालत होतो, तर सायकलवाली बाई ओरडून गेली. का?

तो फूटपाथ नव्हता, सायकलींचा रस्ता होता. नेदरलँड्समध्ये तो बहुधा लाल, जर्मनीत कधी लाल तर कधी नुसत्या पांढऱ्या रेघेने वेगळा केलेला. सायकली वेगात आणि आवाज न करता येतात, आणि रस्ता आपला आहे याची चालवणाऱ्याला खात्री असते. घंटी ऐकू आली तर उडी मारू नका, सरळ रेषेत चालत राहा, तोच बाजूने जाईल. नेदरलँड्सचा एक नियम आपल्याकडे माहीत असायला हवा: मोटारीने पायी किंवा सायकलवरच्या माणसाला धडक दिली तर भरपाईचा निदान अर्धा भार मोटारवाल्यावरच येतो, आणि चौदा वर्षांखालचं मूल असेल तर जवळपास सगळा. ज्याच्या हातात जड वाहन, त्याच्यावर जास्त जबाबदारी.

१०. जपानी लोक शिस्तीचे. तिथे तर डोळे मिटून ओलांडता येत असेल?

असं मलाही वाटायचं. पण जपान ऑटोमोबाइल फेडरेशन दरवर्षी सिग्नल नसलेल्या क्रॉसिंगवर मोजणी करतं. २०१६ मध्ये पायी माणूस उभा असताना थांबणाऱ्या गाड्या होत्या ७.६ टक्के. कायदा तेव्हाही थांबा असंच सांगत होता. पोलिसांनी दंड चालू केले, मोजणीचे आकडे प्रांतवार छापून येऊ लागले, नागानो प्रांत सतत पहिला येत राहिला. २०२४ मध्ये आकडा ५३ टक्क्यांवर गेला. आठ वर्षांत! "आपल्या लोकांना सवय लागणारच नाही" असं कुणी म्हटलं की मी हा आकडा सांगते.

तिथे लहान मुलं हात वर करून ओलांडतात, आणि पलीकडे पोचल्यावर वळून थांबलेल्या गाडीला वाकून नमस्कार करणारी मुलंही दिसतात. मोठ्यांनीही हात वर करावा असं २०२१ पासून त्यांच्या वाहतूक मार्गदर्शनात आहे. म्हणजे आपला हात दाखवून ओलांडायचा रिवाज जपानमध्ये अगदी शिष्टसंमत आहे. फक्त तळहात गाडीवर रोखू नका, वर धरा.

११. व्हिएतनामच्या सहलीला चाललोय. तिथे आपल्यासारखंच असतं ना?

दिसायला तसंच, चालायला वेगळं. हनोईत स्कूटरींचा लोंढा थांबत नाही, तुमच्या दोन्ही बाजूंनी वाहत जातो. तिथली युक्ती एकच: संथ, एकसारखी चाल. थबकू नका, मागे फिरू नका, अचानक पळू नका. तुम्ही पुढच्या क्षणी कुठे असाल हे स्कूटरवाल्याने आधीच ताडलेलं असतं. आपल्याकडचं "दोन पावलं पुढे, एक मागे" तिथे धोक्याचं आहे. बस आणि मोटारी वळसा घालत नाहीत, त्यांना जाऊ द्या.

१२. नातवंडं पहिल्यांदा भारतात येताहेत. त्यांना रस्त्याबद्दल काय शिकवू?

आधी आकडा, कारण तो विसरता कामा नये. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती, म्हणजे रोजची जवळपास नव्वद.

तिकडे वाढलेल्या मुलाला झेब्रा ही सुरक्षित जागा वाटते, आणि इथल्या रस्त्यावर त्याचा तोच विश्वास सर्वांत धोक्याचा आहे. त्याला घाबरवू नका, पण विमानतळावरून येतानाच सांगा की इथे पट्टे म्हणजे फक्त ओलांडायची जागा, थांबलेल्या गाड्यांची हमी नव्हे. एकट्याने न जाता घोळका जमू द्या. दहा माणसांसाठी गाड्या हळू होतात, एकासाठी नाही. मुलाची बोटं धरू नका, मनगट धरा, बोटं घामाने सुटतात. मुलाला गाड्या येतात त्याच्या पलीकडच्या बाजूला ठेवा, आणि डिव्हायडरवर पोचल्यावर बाजू बदला. हे शेवटचं सगळे विसरतात. एकेरी रस्त्यावरही दुसरीकडे बघा, राँग साइडने कुणीतरी येतंच.

१३. आपल्याकडे कायदाच नाहीये का मग?

आहे. केंद्राच्या २०१७ च्या मोटार वाहन चालन नियमांत स्पष्ट आहे की सिग्नल किंवा पोलिस नसलेल्या पादचारी क्रॉसिंगवर वाहनाने हळू व्हावं, थांबावं आणि पायी चालणाऱ्याला, व्हीलचेअरला आधी जाऊ द्यावं. चालण्यायोग्य फूटपाथ हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये म्हटलं. पुणे महापालिकेचं पादचारी धोरण २०१६ चं आहे, आणि २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता गाड्यांसाठी बंद ठेवून पादचारी दिन साजरा होतो. त्या दिवशी मुलांना घेऊन जरूर जा. रस्त्याच्या मधोमध रांगोळी काढणारी पोरं बघितली की हा रस्ता एरवी किती कोंदलेला असतो ते कळतं.

१४. मी पुण्यात झेब्रापाशी गाडी थांबवली. आजी निघाल्या आणि माझ्या बाजूने बाइक भस्सकन पुढे गेली. थांबणं चुकलं का?

थांबणं चुकलं नाही, पण थांबायची पद्धत असते. माझ्याही बाबतीत कर्वे रस्त्यावर हे झालंय, आणि त्या बाईंच्या हातातली भाजीची पिशवी फाटून टोमॅटो रस्त्यावर गेलेले मला आजही दिसतात. त्या बचावल्या.

तुम्ही अगदी पट्ट्याला चिकटून थांबलात की तुमच्या गाडीआडचं बाजूच्या लेनमधल्याला काही दिसत नाही. म्हणून पट्ट्याच्या दोन-तीन मीटर अलीकडे थांबा. एकदम ब्रेक न मारता लवकर वेग कमी करा. उजवा हात बाहेर काढून तळहात खाली ठेवून वर-खाली हलवा, मागच्याला वेग कमी करण्याची ती जुनी खूण अजून कळते. आरशात बघा. बाइक येताना दिसली तर ओलांडणाऱ्याला हात दाखवून थांबवा. आणि "या, या" अशी खूण कधीच करू नका. तुम्ही फक्त तुमच्या लेनपुरतं वचन देऊ शकता, ते मात्र साऱ्या रस्त्याचं समजून चालू लागतात. ब्रिटन आणि जर्मनीत झेब्रासमोर थांबलेल्या गाडीला ओलांडून पुढे जायला बंदी आहे, ती याच कारणाने.

१५. माझे गुडघे दुखतात. हिरवा दिवा अर्ध्या रस्त्यातच संपतो.

सिग्नलचा वेळ बसवताना माणूस सेकंदाला साधारण एक ते सव्वा मीटर चालेल असं धरतात. गुडघेदुखी असलेल्याला ते जमत नाही. जुना हिरवा धरून निघू नका. एक फेरी जाऊ द्या आणि नव्या हिरव्याच्या पहिल्या क्षणाला निघा. मध्ये डिव्हायडर असेल तर तिथे थांबायला लाजू नका. सिंगापूरमध्ये ज्येष्ठांनी आपलं सवलत-कार्ड खांबावर टेकवलं की हिरवा दिवा काही सेकंद जास्त राहतो. २००९ पासून ही सोय आहे. आपल्या नगरसेवकाकडे मागण्याजोगी गोष्ट आहे ही.

१६. गावाकडे फूटपाथच नाही. कुठल्या बाजूने चालायचं?

समोरून गाड्या येतील त्या बाजूने, म्हणजे भारतात उजव्या. ब्रिटनमध्येही उजव्याच, जर्मनीत गावाबाहेर डाव्या. तत्त्व तेच, वाहतुकीची बाजू बदलली म्हणून बाजू बदलली. रात्री पांढरं काहीतरी अंगावर हवं आणि हातात बॅटरी. ऊसतोडणीच्या दिवसांत दिवे नसलेल्या ट्रॉलीला वळसा घालणारी गाडी तुमच्याच बाजूला येते, तेव्हा मातीत उतरा.

१७. झेब्रावर होतो, तरी ट्राम थांबली नाही. तक्रार करता येईल?

नाही. जर्मनीत झेब्राचा नियम रुळांवरच्या वाहनाला लागू नाही, हे अनेक वर्षं राहिलेल्यांनाही माहीत नसतं. ट्राम जड असते, रुळावर थांबायला तिला मोटारीपेक्षा खूप जास्त अंतर लागतं, आणि बाजूला वळणं तर शक्यच नाही. मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ ला बंद झाली, त्यामुळे आपल्या दोन पिढ्यांना ट्रामशेजारी चालायची सवयच नाही. रूळ दिसले की तो स्वतंत्र रस्ता आहे असं धरा, झेब्रा असो वा नसो. एक ट्राम गेली की लगेच तिच्या मागून निघू नका. पलीकडच्या रुळावरून दुसरी येत असते, आणि पहिलीच्या आड ती दिसत नाही.